फाटकाच्या आत सर, बाहेर बाबा

माझं वय एक्याऐंशी. तब्येत ठणठणीत, दात बरेचसे स्वतःचे आणि राग पहिल्यासारखाच. यातली तिसरी गोष्ट माझी बायको लोकांना सगळ्यात आधी सांगते. भाईंदरला राहायला येऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. आम्ही आलो तेव्हा गिरगावातल्या नातेवाइकांना वाटलं होतं, याला काळ्या पाण्यावर पाठवलंय. पण चाळीतल्या एका खोलीतून दोन खोल्यांत जाणाऱ्या माणसाला त्याचं काय! खिडकीतून मिठागरं दिसायची, पांढऱ्या ढिगांच्या रांगाच्या रांगा. आमची थोरली मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि पाहुण्यांना हात धरून खिडकीशी नेऊन सांगायची, "आमच्याकडे बर्फ पडतो." इथल्याच एका मराठी शाळेत मी शिक्षक म्हणून लागलो, पुढे मुख्याध्यापक झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. खुर्ची सुटली, घंटा सुटली, पण 'सर' काही सुटलं नाही.

इथं मला सगळे सर म्हणतात. भाजीवाल्यानं माझ्या शाळेत कधी पाऊल टाकलेलं नाही, तोही "सरजी, मेथी एकदम ताजी है" म्हणतो. रिक्षावाले म्हणतात, दवाखान्यातल्या नर्स म्हणतात, वॉचमन म्हणतो. आमच्या सोसायटीचे गुजराती चेअरमन कुठलीही नोटीस बोर्डावर लावायच्या आधी मला दाखवून जातात. कारण एकदा त्यांनी लावलेल्या नोटिशीवर मी लाल पेनानं चुका काढल्या होत्या आणि खाली 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला होता. बायकोनं त्यावरून मला दोन दिवस सुनावलं. चेअरमन मात्र खरोखरच पुन्हा लिहून घेऊन आले.

तर एवढा मान मिळत असताना या म्हाताऱ्याचं दुखणं काय, असं कुणी विचारेल. दुखणं एकच. माझा मुलगा मला बाबा म्हणत नाही. हल्ली म्हणत नाही असं नव्हे, गेली चाळीस वर्षं म्हणत नाही.

लगेच वाईट वाटून घेऊ नका. मुलगा सोन्यासारखा आहे. ऑफिसातून आला की आधी माझ्या गोळ्यांची डबी उघडून बघतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डोळ्यांत थेंब त्यानंच घातले, आणि मी डोळा मिटला की माझ्यावर ओरडलाही. एकाच घरात राहतो आम्ही. भांडतो, पत्ते खेळतो, क्रिकेटच्या मॅचला एकाच खेळाडूला शिव्या देतो. फक्त हाक मारायची वेळ आली की गाडी अडते.

याचं मूळ माझ्याच एका नियमात आहे. माझी दोन्ही मुलं माझ्याच शाळेत होती. हेडमास्तरांच्या मुलांचे लाड होतात असं कुणी म्हणू नये म्हणून मी नियम केला, की शाळेच्या फाटकाच्या आत मी सर आणि फाटकाच्या बाहेर बाबा. मला हा नियम फार आवडायचा. शिक्षकांच्या खोलीत तो मी तीनतीनदा सांगितलाय. मुलीला तर त्याचा खेळच झाला होता. शाळा सुटली की ती एक पाय फाटकाच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभी राहायची आणि "सरबाबा, सरबाबा" म्हणून ओरडायची. मी डोळे वटारायचो नि ती पळायची. मुलगा मात्र शहाणा होता. सांगितलं तसं करायचा. अशा मुलांच्या बाबतीतच आपण मोठी माणसं जास्त चुकतो.

तो पाचवीत असताना शाळेची वार्षिक तपासणी होती. तपासणी म्हणजे काय असायची ते आजच्या शिक्षकांना सांगून समजायचं नाही. आठ दिवस आधीपासून भिंती पुसायच्या, तक्ते टांगायचे, फुटकी बाकं मागच्या खोलीत लपवायची. शिक्षण खात्याचे साहेब माझ्या खोलीत बसले होते, पुढ्यात चहा आणि बटाटेवडे होते, आणि मी आमच्या शाळेच्या शिस्तीबद्दल बोलत होतो. तेवढ्यात दार ढकलून मुलगा आत आला. कपडे मातीनं भरलेले, उजवा हात डाव्या हातानं धरलेला. "बाबा!" म्हणून त्यानं हंबरडा फोडला.

मी त्याच्या हाताकडे पाहिलंच नाही. मी साहेबांकडे पाहिलं. आणि मुलाला म्हणालो, "शाळेत मी कोण?"

तो म्हणाला, "सर."

"मग बाहेर जा. परवानगी घे आणि आत ये."

तो बाहेर गेला. दाराशी उभा राहून हुंदके आवरत त्यानं विचारलं, "आत येऊ का, सर?" साहेब खूश झाले. "वा, याला म्हणतात शिस्त," असं म्हणाले आणि दुसरा वडा घेतला. मुलाचं कोपराजवळचं हाड मोडलं होतं. आमचे शिपाईकाका त्याला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी तपासणी संपेपर्यंत शाळेतच थांबलो. शाळेला उत्तम शेरा मिळाला.

हे लिहिताना आजही मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हे त्याहून वाईट. घरी गेलो तेव्हा मुलगा प्लॅस्टरमध्ये होता आणि बायकोनं माझं ताट वाढून ठेवलं होतं, पण ती समोर बसली नाही. एवढंच म्हणाली, "चूक तुमची आहे. दुरुस्तीही तुम्हीच करा." मी म्हणालो, "होईल सगळं ठीक, मुलं विसरतात." हाड खरंच पाच-सहा आठवड्यांत जुळलं.

त्याच्या तोंडचा 'बाबा' मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. शाळेत तो सर म्हणायचा आणि घरी काहीच म्हणायचा नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभा राहायचा आणि मी मान वर करायची वाट बघायचा. कॉलेजात गेल्यावर "यांना सांग गं" असं आईला म्हणायला लागला. नोकरीला लागल्यावर ऑफिसातून घरी फोन करायचा तेव्हा मी उचलला की "हां, मी बोलतोय" म्हणून थेट विषयाला हात. माझ्या साठीला त्यानं केक आणला, त्यावर नुसता साठचा आकडा होता. मग त्याचं लग्न झालं, आणि सून घरात आली ती पहिल्या दिवसापासून मला बाबा म्हणू लागली. "बाबा, चहात साखर किती?" इतकं सहज, की माझा चहा तसाच राहिला. पुढे नात झाली आणि मुलाची एकदम सुटकाच झाली. तिच्या आडून तो मला आजोबा म्हणू लागला. "आजोबांना विचार, आजोबा येतायत का बघ." मीही ते धकवून नेलं. माणूस काय, ऐकून घेतो.

हे असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या वर्षी मुलानं नवा फोन घेतला आणि जुन्यातले नंबर नव्यात आणायचं काम नातीकडे आलं. ती आता कॉलेजात आहे, तोंडानं फटकळ, म्हणजे माझ्यावर गेलीय. दिवाणखान्यात बसून तिनं एकदम मोठ्यानं विचारलं, "पप्पा, हे 'घर दोन' कोणाचं आहे? नंबर तर आजोबांचा आहे."

मुलगा पेपर वाचत होता. तो पेपरच्या आडून म्हणाला, "तोच. असू दे तसाच."

"अरे, पण घर दोन काय? आजोबा काय टू बीएचके आहेत का?"

सून हसली, बायको हसली, मीही हसलो. मुलानं पेपरचं पान उलटलं. मी हसत हसत उठलो नि माझ्या खोलीत जाऊन बसलो. बायको मागोमाग आली. मी तिला म्हणालो, "ऐकलंस ना? मी घर दोन." ती म्हणाली, "मी चाळीस वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं?" तिची स्मरणशक्ती हा आमच्या संसारातला एक अवघड विषय आहे.

आता दुरुस्ती कशी करायची? त्याला जवळ बसवून, पाठीवर हात ठेवून, बाळा माझं चुकलं म्हणायचं, हे मला सुचलं होतं. दोनदा प्रयत्नही केला. पहिल्यांदा मी घसा साफ केला तर त्याला वाटलं मला खोकला झालाय, नि त्यानं काढा करायला सांगितला. दुसऱ्यांदा मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि गॅसचा सिलिंडर कधी येणार ते विचारून परत आलो. बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला कुठलाही आदेश द्यायची आणि मागे घ्यायची एकच रीत माहीत असते, ती म्हणजे सूचना वही. मुख्याध्यापकानं वहीत सूचना लिहायची, शिपायानं ती वही वर्गावर्गांतून फिरवायची, प्रत्येक शिक्षकानं वाचून सही करायची. सही झाली की सूचना लागू.

मी नातीकडून एक कोरी फुलस्केप वही मागून घेतली. पाच कच्चे मसुदे केले. शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"सूचना. घरातील सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, मुख्याध्यापकांच्या मुलांनी शाळेच्या फाटकाच्या आत त्यांना 'सर' म्हणावे, हा पूर्वी दिलेला तोंडी आदेश रद्द करण्यात येत आहे. हा आदेश मुळातच चुकीचा होता. तपासणीच्या दिवशी हात मोडलेल्या विद्यार्थ्याला बाहेर जाऊन परवानगी घेऊन पुन्हा आत येण्यास सांगितले, ही मुख्याध्यापकांची घोडचूक होती व तिचा त्यांना मनापासून पश्चात्ताप होत आहे. वाचून सही करावी."

खाली सही केली आणि वही नातीच्या हातात दिली. तिनं वाचली. माझा गालगुच्चा घेतला आणि वही घेऊन निघाली. वही घरभर फिरली. सुनेनं लिहिलं, "वाचले, बाबा." बायकोनं लिहिलं, "वाचले. फार उशीर झाला, तरी मंजूर." मुलगी नाशिकला असते, तिला नातीनं पानाचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, पण ती नुसती रडतच होती, म्हणून मी तिला म्हटलं, रडून झालं की कर. मुलगा संध्याकाळी ऑफिसातून आला. वही त्याच्या टेबलावर होती. तो जेवायला आला, जेवला, मॅच लागली होती ती बघितली. सकाळी वही माझ्या उशाशी होती. 'वाचले' असं लिहून त्यानं खाली पूर्ण सही केली होती. बाकी काही नाही.

सही झाली म्हणजे सूचना लागू व्हायला हवी. मी एक दिवस वाट पाहिली, आठवडा पाहिला, महिना पाहिला. तो मला विचारायचा, "झोपताय का?" "चालायला जाताय का?" पण तो शब्द काही येईना. मी चिडचिड करायला लागलो. भाजीवाल्याला म्हणालो, तेरी मेथी में कचरा बहुत है. बायको म्हणाली, "पाचवीतल्या पोराला बाहेर काढलंत, आता एक्कावन्न वर्षांचा माणूस हाक मारून परत आत यायला हवाय. वेळ लागणारच."

मग जवळच्या मुर्धा गावातलं एक लग्न आलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं. हा विद्यार्थी कोळ्याचा, मासळी वाळत घालायच्या दिवसांत शाळा बुडवायचा म्हणून मी त्याच्या घरी जाऊन त्याला बखोटीला धरून आणायचो. आता त्याच्या दोन होड्या आहेत. पत्रिका द्यायला स्वतः आला होता. "सर आले न्हाय तं हलद न्हाय लावायचा पोरीला," असा दम देऊन गेला. गुडघ्यांमुळे बायको येणार नव्हती, सुनेला सुट्टी नव्हती, म्हणून मुलगा मला गाडीनं घेऊन निघाला. त्यानं सिल्कचा झब्बा घातला होता आणि नवे बूट.

राई गाव सोडून गाडी पुढे लागली तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "ते वहीतलं वाचलं मी."

"सही बघितली."

"राग नाही हो काही. कधीच नव्हता. तेव्हा नुसती भीती बसली, की चुकून तिथं तोंडातून जाईल. म्हणून म्हणायचंच सोडलं. आणि मग सवयच गेली." गिअर बदलत म्हणाला, "आता म्हणायला गेलो की नाटकात बोलल्यासारखं वाटतं. तोंडात बसतच नाही."

मी म्हणालो, "घाई नाही." घाई होती. खूप होती. पण असं खोटं बोलायला मी शाळेत असताना शिकायला हवं होतं.

मांडवात शिरलो नि सगळीकडून सर, सर, सर. कुणी पाया पडतंय, कुणी "मना वलखला का सर?" म्हणून खांदे हलवतंय. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली माझी मुलं. वधूपिता धावत आला. "सर, जेवल्याबिगर जायाचा न्हाय. तुमच्यासाठी शाकाहारी वेगला केलाय." मी विचारलं, "मी शाकाहारी आहे असं तुला कोणी सांगितलं?" तर म्हणाला, "सर म्हंजे शाकाहारीच ना." चाळीस वर्षं हा गैरसमज बाळगून होता. मी त्याच्यासमोर सुरमईचे दोन तुकडे खाऊन दाखवले.

दुपारी निघायची वेळ झाली. वरातीच्या गर्दीत गाडी अडकू नये म्हणून मुलानं ती लांब लावली होती. "इथंच थांबा, मी घेऊन येतो, हलू नका," असं मला सांगून तो गेला. आता हजारो मुलांना आयुष्यभर 'रांगेतून हलू नका' म्हणणाऱ्या माणसानं हे ऐकायला नको का? मी दोन मिनिटं थांबलो. मग म्हटलं, आपणच चालत पुढे जाऊ. मांडवामागे नव्या इमारती उठतायत, तिकडून एक कोरा रस्ता दिसला. बँड वाजत होता. मी निघालो.

पाठीमागून कुणीतरी "अहो!" म्हणून ओरडलं. लग्नात सगळ्याच बायका आपापल्या नवऱ्यांना अहो म्हणून हाका मारत असतात, मी लक्ष दिलं नाही. मग "अहो, सर!" आलं. तसे तर मला सकाळपासून दोनशे जणांनी हाक मारली होती. मी मागे न बघता हात हलवला.

मग हाक आली, "बाबा!"

मी चालत राहिलो. कुणाचा तरी मुलगा कुणाला तरी बोलावत होता. पुन्हा हाक आली, "बाबा!" मला त्या कुठल्या म्हाताऱ्याचा रागच आला. पोरगा एवढा बेंबीच्या देठापासून ओरडतोय, ओ द्यायला याला काय होतं? आणि मग तो आवाज मला ओळखीचा वाटला. पाय मात्र तसेच चालत होते.

तिसरी हाक आली तेव्हा मला पक्कं कळलं. तो माझा मुलगा होता आणि तो म्हातारा मी होतो.

शहाणा माणूस असता तर वळला असता. मी वळलो नाही. अगदी खरं सांगायचं तर मला अजून एक हवी होती. चाळीस वर्षांत किती बुडाल्या असतील, त्यातली एक जास्तीची मिळाली तर कुणाचं काय जाणार होतं? म्हणून मी मान ताठ ठेवली आणि ऐकू न आल्यासारखा पुढे चालत राहिलो.

"बाबा, अहो बाबा, पुढे बघा, ओलं आहे!"

तोपर्यंत मी घोट्यापर्यंत सिमेंटमध्ये होतो. तो कोरा रस्ता सकाळीच घातला होता. लांबून एक कामगार "अरे चाचा, अभी डाला है!" म्हणून कपाळावर हात मारत होता. धोतर मी दोन्ही हातांनी वर धरलं होतं आणि एक चप्पल खाली कुठेतरी राहिली होती. मुलगा धापा टाकत काठाशी येऊन उभा राहिला. चेहरा लालबुंद झाला होता. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"काय हे, बाबा! ऐकू येत नाही का? चार हाका मारल्या मी!"

"पाच," मी म्हणालो. "आत्ताची धरून."

तो नव्या बुटांसकट सिमेंटमध्ये उतरला.